कदेल, कॅथेड्रल आणि सदन

जुन्या गोव्यातल्या सगळ्यात मोठ्या चर्चला 'से कॅथेड्रल' म्हणतात. या नावात एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. 'से' म्हणजे लॅटिन 'सेदेस', आसन. 'कॅथेड्रल'मध्ये ग्रीक 'काथेद्रा' आहे, तेही आसनच. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल. हीच काथेद्रा गोव्यातल्या बल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, रोज वापरात असते, कारण कोंकणीतलं 'कदेल', म्हणजे खुर्ची, आलं पोर्तुगीज 'कादेइरा'वरून आणि कादेइरा आली काथेद्रावरून. इंग्रजी 'चेअर'ही तिथूनच निघाली, फक्त फ्रान्समार्गे. ग्रीक शब्द फोडला तर 'काता' म्हणजे खाली आणि 'हेद्रा' म्हणजे बसायची जागा. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या 'स'चा 'ह' होतो (आपलं सप्त, त्यांचं हेप्ता), म्हणून हेद्रातला 'हेद्' म्हणजे संस्कृत 'सद्'. सदन, संसद, परिषद, उपनिषद, सगळी याच धातूची पिलावळ.

इंग्रजी शब्दांची मुळं शोधायला निघालेल्या मराठी माणसाला गोव्यात एक मोठी सोय आहे. लॅटिनचं एक टोक पोर्तुगीजमधून घरात आलेलं, दुसरं शाळेच्या इंग्रजीतून, आणि संस्कृत तर मराठीच्या पोटातच. एकाच शब्दाचे तीन साक्षीदार हाताशी असतात. मात्र साक्षीदारांचे चेहरे सारखे दिसतात म्हणून ते भावंडं ठरत नाहीत. दिसण्यावर गेलं की हमखास फसगत होते. ध्वनींचे नियम जुळले पाहिजेत आणि प्रवासाची वाटही दाखवता आली पाहिजे.

वाट आधी बघू. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये सापडलेले प, त, क पोर्तुगीजमध्ये मऊ होऊन ब, द, ग होतात. फ्रेंचमध्ये ते आणखी झिजतात: प चा व होतो, त आणि क बहुतेक वेळा गळूनच जातात. इंग्रजीने आपले हजारो शब्द ११व्या शतकानंतर फ्रेंचकडून घेतले, त्यामुळे ही झीज इंग्रजीत जशीच्या तशी आली. लॅटिन 'रेकिपेरे' पोर्तुगीजमध्ये 'रेसेबेर', इंग्रजीत 'रिसीव्ह'. काथेद्रातला त 'कादेइरा'मध्ये द झाला, 'चेअर'मध्ये नाहीसा झाला. 'पाकारे'तला क 'पागार'मध्ये ग झाला आणि 'पे'मध्ये उरलाच नाही. म्हणजे आपला पगार आणि इंग्रजी पे हे एकच. पाकारेचा मूळ अर्थ शांत करणे, तो 'पाक्स' म्हणजे शांततेपासून आला, आणि इंग्रजी 'पीस' त्याच घरातला. घेणेकऱ्याला पैसे देऊन शांत करायचं, असा हा अर्थाचा प्रवास. आणखी मागे गेलं तर बांधण्याचा धातू लागतो, संस्कृत 'पाश' त्याचाच मानतात. पगारदारांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरी खूण 'च'ची. फ्रेंचमध्ये लॅटिन 'का'चा 'च' झाला (आज तिथे 'श' उच्चारतात, पण इंग्रजीने शब्द घेतले तेव्हा 'च' होता). पोर्तुगीजमध्ये 'का' तसाच राहिला. म्हणून गोव्यात 'कपेल', इंग्रजीत 'चॅपेल'. काथेद्राचं चेअर झालं ते याच नियमाने. पोर्तुगीजमध्येही 'च' सापडतो, पण तो निराळा. तिथे शब्दारंभीच्या 'क्ल', 'प्ल', 'फ्ल' यांची ही गत झाली. लॅटिन 'क्लाविस'ची 'शावी' झाली, पूर्वी उच्चार 'चावी', आणि आपण तो जुना उच्चार जपून ठेवला. इंग्रजीत क्लाविसचे वंशज 'क' घेऊनच हिंडतात: संगीतातला क्लेफ, गळ्याजवळचं हाड क्लॅव्हिकल, आणि कुलूप लावून भरवलेली सभा ती कॉन्क्लेव्ह. चावीतला च आणि चॅपेलमधला च एकाच खात्यात टाकले की पुढचं सगळं गणित चुकतं.

आता प्रत्यक्ष काम. इंग्रजी शब्द घेतला की आधी तो इंग्रजीत केव्हा आणि कुठल्या रूपात आला ते पाहायचं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाची जुन्यात जुनी नोंद वर्षासकट असते. वर्ष महत्त्वाचं का? 'वाइन' आणि 'वाइन' पाहा, एक दारू आणि दुसरी द्राक्षवेल. उच्चार सारखाच वाटतो, पण इंग्रजीत पहिल्याचं आद्याक्षर डब्ल्यू, दुसऱ्याचं व्ही. दोन्हींच्या मागे लॅटिन 'विनुम' आहे. रोमन काळी लॅटिनमध्ये विनुमच्या आद्याक्षराचा उच्चार ओठ गोल करून होत असे. इंग्रजांच्या जर्मानिक पूर्वजांनी दारूचा शब्द तेव्हाच उचलला, म्हणून डब्ल्यू टिकला. वेलीचा शब्द फ्रेंचमधून शतकानुशतकं उशिरा आला, तोवर उच्चार बदलून व्ही झाला होता. व्हिनेगरही असाच उशिराचा. (याच विनुमचा पोर्तुगीज 'विन्यू' आणि लसणाचा 'आल्यू' मिळून 'विंदालू' झालं. त्यात बटाटा घालणाऱ्यांनी शेवटचं 'आलू' ऐकून उत्तर भारतात उडी मारली. तो लसूण आहे.)

स्पेलिंगवर मात्र भिस्त ठेवू नका. इंग्रजी 'आयलंड'मध्ये न उच्चारला जाणारा एक एस आहे. तो पाहून लॅटिन 'इन्सुला' आठवते, आणि गोव्यातल्या तिसवाडी तालुक्याला पोर्तुगीज 'इल्यश' म्हणजे बेटं म्हणत ते त्या इन्सुलावरूनच. पण आयलंड हा अस्सल जुना इंग्रजी शब्द आहे, त्यात एस नव्हता. त्याचं पहिलं पद पाण्याचं आहे, लॅटिन 'आक्वा'च्या नात्यातलं. फ्रेंचमार्गे आलेल्या 'आइल'च्या नादाने विद्वानांनी त्यात एस घुसडला. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी असाच लॅटिन 'देबितुम' आठवून मागाहून घातलेला.

शब्द लॅटिनपर्यंत पोचला की प्रथमा विभक्तीचं रूप घेऊन बसू नका. नवशिके सगळ्यात जास्त इथेच अडखळतात. 'पेस' म्हणजे पाय हे पाहून 'पाद' सापडत नाही, षष्ठीचं 'पेदिस' पाहिलं की लगेच दिसतो. 'नोक्स' बाजूला ठेवा, 'नोक्तिस' घ्या, 'नक्त' समोर येतो. पोर्तुगीज शब्दही बहुतेक द्वितीयेच्या रूपावरून आले आहेत, 'पानिस'वरून नव्हे तर 'पानेम'वरून 'पांव'. आपला पाव तोच. (इंग्रजी 'कंपनी'च्या पोटातही हा पानिस आहे: एकत्र पाव खाणारे ते कंपॅनियन, त्यांचा जमाव ती कंपनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाबतीत पाव कुणाचा होता ते सोडून द्या.)

षष्ठीचा दुसरा फायदा म्हणजे 'र'चं कोडं सुटतं. जुन्या लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या 'स'चा पुढे 'र' झाला. 'गेनुस' म्हणजे कुळ, जात, षष्ठी 'गेनेरिस'. हा र पूर्वी स होता हे कळलं की मूळ रूप संस्कृत 'जनस्', षष्ठी 'जनसः', याच्याशी अक्षराला अक्षर जुळतं. जनरल, जेंडर, जनरेटर हे सगळे त्या र वाल्या अंगावरून झाले. उंदराचा 'मूस, मूरिस' आणि आपला मूषक यांचं नातंही हेच. दंडाच्या बेडकीला रोमन लोक 'मुस्कुलुस', छोटा उंदीर म्हणत. इंग्रजी मसल तिथलं.

मग उपसर्ग सोलायचा. लॅटिन उपसर्ग पुढच्या व्यंजनाला पाहून रंग बदलतात. 'आद'चा आक, आफ, आल, आस, आत होतो. 'कोन'चा कोम, कोल, कोर. 'सुब'चा सुक, सुफ, सुप. शिवाय उपसर्ग लागला की धातूतला स्वर बारीक होतो: 'सेद'चा 'सिद', 'काप'चा 'किप', 'फाक'चा 'फिक'. 'प्रेसिडेंट' सोलून पाहा. प्रे म्हणजे पुढे, सिद म्हणजे सद्, एंट म्हणजे करणारा. पुढे बसणारा. परिषदेचा प्रेसिडेंट म्हणजे तोच धातू दोनदा. असेस, सेशन, सबसिडी, रेसिडेंट, सगळ्यांच्या तळाशी बैठक आहे. 'नेस्ट' म्हणजे घरटं, ते अस्सल इंग्रजी, पण त्यातही नि आणि सद् आहेत, लॅटिन 'निदुस' तसंच, आणि कवितेतलं 'नीड'ही तसंच.

स्वर बारीक होण्याने घोटाळाही होतो. 'डिसाइड' आणि 'ॲक्सिडेंट' दोन्हींत 'सिड' ऐकू येतं, म्हणून त्यांनाही बैठकीत ओढायचा मोह होतो. स्पेलिंगमध्ये तिथे एस नाही, सी आहे, म्हणजे लॅटिनमध्ये क. पण पुन्हा दोन वेगळे धातू: डिसाइडमध्ये 'कायदेरे' म्हणजे कापणे, ॲक्सिडेंटमध्ये 'कादेरे' म्हणजे पडणे. उपसर्ग लागल्यावर दोघांचंही 'किद' झालं. म्हणून लॅटिन कोशात साधं, बिनउपसर्गाचं क्रियापद सापडेपर्यंत थांबायचं नाही.

लॅटिनच्या मागे जाताना संस्कृत आपल्या बाजूने असतं, पण त्याचे नियम पाठ हवेत. संस्कृत आणि लॅटिनचा प, त, क इंग्रजीच्या अस्सल शब्दांत फ, थ, ह होतो. द आणि ग चे ट आणि क. पाद, पेदिस, फूट. त्रि, त्रेस, थ्री. दश, देकेम, टेन. संस्कृत 'श'च्या जागी बहुतेक वेळा लॅटिनमध्ये क आणि इंग्रजीत ह: शत, केन्तुम, हंड्रेड, श्वन्, कानिस, हाउंड. याकोब ग्रिमने हे १८२२मध्ये नीट मांडलं. त्यात काही अपवाद उरले होते, ते कार्ल वेर्नरने १८७५च्या सुमारास सोडवले, आणि त्याची किल्ली वैदिक स्वराघातात निघाली. 'भ्राता'चा आघात पहिल्या अक्षरावर, म्हणून जुन्या इंग्रजीत तिथे थ. 'पिता'चा आघात दुसऱ्यावर, म्हणून जुन्या इंग्रजीत 'फेडर', थ नव्हे. आज फादरमध्ये थ सारखा ध्वनी आहे तो नंतरचा. वेदपाठकाच्या स्वरावरून इंग्रजी व्यंजन ठरवता येतं, या विद्येत याहून सुंदर जागा क्वचितच सापडेल.

या शोधाची सुरुवात १७८६मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सच्या भाषणाने झाली असं पुस्तकं सांगतात. त्याच्या दोनशे वर्षं आधी, १५८३मध्ये, ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्सने गोव्याहून आपल्या भावाला पाठवलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी असल्याचं लिहिलं होतं. त्याच दशकात फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती याने सहा, सात, आठ, नऊ, देव आणि सर्प हे शब्द इटालियनशी ताडून पाहिले होते. तो १५८८मध्ये गोव्यातच वारला. दोघांच्याही हातात नियम नव्हते, फक्त कान होता. तरी चुकले नाहीत, हे नशीब.

आपण मात्र चुकू शकतो. 'संत' आणि 'सेंट' घ्या. गोव्यात सांव जांवच्या, म्हणजे सेंट जॉनच्या, दिवशी विहिरीत उड्या पडतात, त्यातला 'सांव' लॅटिन 'सांक्तुस', पवित्र केलेला. आपला संत 'सत्'वरून, म्हणजे अस्, असणे. सेंट आणि संत यांचा काडीचाही संबंध नाही. संतचा खरा इंग्रजी नातेवाईक 'ॲबसेंट'मधला 'सेंट' आहे: दूर असणारा. 'प्रेझेंट'मधलाही तोच. तसंच लॅटिन 'दिएस' म्हणजे दिवस आणि इंग्रजी 'डे'. दिएस आपल्या दिवसाचाच भाऊ, पण मग इंग्रजीत ट यायला हवा, ड नव्हे. डे वेगळा, त्याला पुष्कळ अभ्यासक 'दह्' धातूशी जोडतात. नियमाप्रमाणे ट आलेला शब्द हवा असेल तर 'ट्यूसडे' घ्या: त्यातली देवता 'तीव' आणि आपला देव, लॅटिन 'देउस', एकच. 'हॅव' आणि लॅटिन 'हाबेरे' ही जोडीही बनावट. इंग्रजी ह ला लॅटिन क हवा, म्हणून हॅवचा सोयरा 'कापेरे', पकडणे. आणि व्हॅटिकन म्हणजे वाटिका असं कुणी सांगू लागलं तर एवढंच विचारा की पोप तिथे येण्याच्या कितीतरी आधीपासून रोमन लोक त्या टेकडीला हे नाव कशाला वापरत होते.

सगळ्यात अवघड म्हणजे लॅटिनचा फ. मूळ भाषेतले भ आणि ध, आणि कधी घ देखील, शब्दारंभी लॅटिनमध्ये फ होऊन एकाच पोत्यात पडतात. भ्राता, फ्रातेर. धूम, फूमुस. पणजीतलं फोंतेन्हास म्हणजे छोटी झरी. 'फोन्स, फोन्तिस', इंग्रजी फाउंटन, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याचं 'फॉन्ट'. यातला फ मूळचा ध, वेदातल्या 'धन्वति'मधला, म्हणजे वाहतो, धावतो. आता संगणकावरचा 'फॉन्ट' घ्या. तो या झऱ्यातला नाही. तो छापखान्यातला, धातू वितळवून ओतलेला खिळा, लॅटिन 'फुन्देरे', ओतणे. त्याचा संस्कृत जोडीदार 'हु', ज्यावरून होम, हवन, आहुती: तूप ओतणे. आणि बँकेतला 'फंड' तिसराच: 'फुन्दुस' म्हणजे तळ, संस्कृत 'बुध्न', इंग्रजी 'बॉटम'. तीन सारखे शब्द, तीन निराळी घरं. कोशात फक्त 'फॉन्ट' टाकून पहिली नोंद वाचली तर होमाच्या जागी झरा हाती लागतो.

उलट बाजूला, अजिबात सारखे न दिसणारे सख्खे निघतात. बिस्किट हे लॅटिन 'बिस कोक्तुस', दोनदा भाजलेलं. 'बिस' पूर्वी 'द्विस' होता. लॅटिनमध्ये आरंभीच्या द्व चा ब होतो. बॉम जीझसमधला 'बॉम' म्हणजे चांगला, लॅटिन 'बोनुस', तोही आधी 'द्वेनोस' होता. 'कोक्तुस'चा धातू 'कोक्व', पण तो मुळात 'पेक्व'; मागचा क पुढच्या प ला आपल्यासारखा करून टाकतो, जसं पञ्चचं 'क्विन्क्वे' झालं. पेक्व म्हणजे पच्. बिस्किट शब्दशः द्विःपक्व. कोंकणीतलं 'कुजन', इंग्रजी किचन, कुक, फ्रेंच क्विझीन हे सगळे याच चुलीवरचे. 'क्रेडिट'ही असंच: 'क्रेदो' म्हणजे मी विश्वास ठेवतो, आणि ते तंतोतंत 'श्रद्धा', काळीज ठेवणे. गंमत म्हणजे हृदय स्वतः नियम मोडतं, ह च्या जागी श हवा होता. तो श 'श्रद्धा'त शाबूत राहिला.

मेस्त्री आणि मास्तर हे एकच, पोर्तुगीज 'मेश्त्र' आणि इंग्रजी 'मास्टर', दोन्ही लॅटिन 'मागिस्तेर'. मागिस म्हणजे अधिक, आपल्या 'महा'शी जुळणारा. त्याच्या उलट 'मिनुस' म्हणजे उणा, त्यावरून 'मिनिस्तेर', सेवक. व्युत्पत्तीच्या हिशेबात मास्तर मिनिस्टरपेक्षा वरचा. पर्वरीच्या विधानसभेला हे ठाऊक नसावं.

साधनांबद्दल थोडं. पोर्तुगीजमधून आलेल्या शब्दांसाठी आसगावचे मोन्सिन्योर दालगादो यांचा १९१३चा ग्रंथ अजून पहिला हात लावावा असा आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद १९३६मध्ये बडोद्याहून निघाला आणि इंटरनेट अर्काइव्हवर वाचता येतो. मराठीसाठी मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती, संस्कृतसाठी मोनियर-विल्यम्स, दोन्ही ऑनलाइन शोधता येतात. मूळ धातूंसाठी पोकोर्नीचा १९५९चा कोश सगळे उद्धृत करतात, पण त्यातली रूपं जुन्या पद्धतीची आहेत. नव्या कोशांत ह१, ह२, ह३ असे तीन लुप्त ध्वनी मांडलेले असतात. ते वाचता आले तर लॅटिन 'पातेर'मध्ये आ आणि 'पितृ'मध्ये इ का, हे कळतं: दोन व्यंजनांत अडकलेला तो ध्वनी लॅटिनमध्ये अ आणि संस्कृतात इ झाला. रूपाआधी तारांकन असेल तर ते कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेवरून बांधलेलं आहे. आणि 'बहुधा', 'कदाचित' हे शब्द उतरवून घेताना गाळू नका. ऑनलाइन फिरणाऱ्या निम्म्या भाकडकथा त्यातूनच जन्मतात.

उधार आणि नातं यांतही फरक करायला हवा. 'शुगर' शर्करेसारखी दिसते ती नात्याने नव्हे, ती इथूनच निर्यात झाली: फारसी, अरबी, मध्ययुगीन लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी. 'जॅगरी'ही शर्कराच, पण मलबारच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीजांच्या हाती लागलेली. उधारीच्या शब्दाला ग्रिमचा नियम लावायचा नसतो, लावला तर उत्तर चुकतंच.

काही वाटा लॅटिनला जातच नाहीत. काजू फेणीच्या बाटलीवर दोन शब्द आहेत. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, नावही तिथल्या तुपी भाषेतलं, आणि इंग्रजी 'कॅश्यू' पोर्तुगीजमधूनच घेतलेला. इथे सद् आणि पच् चा उपयोग नाही, तुपीला थांबायचं. फेणी मात्र फेसाची, 'फेन'ची. प चा फ होऊन इंग्रजीत 'फोम', लॅटिनमध्ये पुढे एक जादा स लागून 'स्पूमा', आणि स नसलेलं 'पूमेक्स', टाच घासायचा सच्छिद्र दगड.